उतरत्या वयात समुद्रात उतरताना



तंजावरहून दक्षिणेला पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने गेलात आणि तिथून मल्लिपट्टणमकडे वळलात, की भातशेती मागे पडते, नारळीच्या बागा सुरू होतात आणि थोड्याच वेळात समुद्र दिसू लागतो. किनाऱ्यालगत मजल्यावर मजला चढवत नेलेली एक षट्कोनी इमारत उभी आहे. तिचे नाव मनोरा. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास, इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून ती बांधवून घेतली. तंजावरच्या मराठी राजाने युरोपातल्या लढाईचे स्मारक उभारावे हे आज थोडे चमत्कारिक वाटते, पण तो इतिहास वेगळा. गावातले तमिळ कोळी आजही त्या इमारतीला मनोराच म्हणतात.

इथला समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. कोकण किनाऱ्यासारख्या लाटा इथे नाहीत. पाणी उथळ आहे आणि बरेच दिवस एखाद्या मोठ्या तळ्यासारखे पडून असते. तळाशी समुद्री गवताची कुरणे आहेत. त्यांवर जगणाऱ्या डुगाँग या प्राण्यासाठी २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत राखीव क्षेत्र जाहीर झाले. हा पाल्कचा उपसागर. त्याच्या पलीकडे श्रीलंका. हे शांत दिसणारे पाणी पोहून पार करण्याचा प्रयत्न गेली सत्तर वर्षे माणसे करत आली आहेत. त्यांतली काही अशा वयाची होती, की घरचे लोक त्यांना सांभाळून जिना उतरायला सांगत असतील.

या लेखात आपण त्या माणसांच्या निमित्ताने चिकाटीचा विचार करणार आहोत. विशेषतः वय वाढल्यानंतरच्या चिकाटीचा.

आधी दोन शब्द पाहू. तमिळमध्ये सामुद्रधुनीला ‘नीरिणै’ म्हणतात. नीर म्हणजे पाणी आणि इणै म्हणजे जोड. आपण धुनी म्हटले की वाहता प्रवाह डोळ्यांपुढे येतो, तर तमिळ शब्दात दोन किनारे जोडणारे पाणी आहे. दुसरा शब्द ‘विडामुयर्ची’, म्हणजे न सोडलेला प्रयत्न. तमिळमधून मराठीत काही आणताना हा शब्द आला की हात आपोआप ‘चिकाटी’ लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरही आहे. तरी दोन्हींची छटा सारखी नाही. चिकाटीत चिकटून राहणे ऐकू येते. विडामुयर्चीत ‘सोडायचे नाही’ एवढेच आहे. नेमके काय धरून ठेवायचे ते मोकळे ठेवले आहे. भर समुद्रात ही छोटीशी छटा जीवनमरणाची ठरते, हे पुढे दिसेलच.

पाल्क पोहून गेलेले

१९५४ मध्ये श्रीलंकेच्या उत्तर टोकावरच्या वल्वेट्टित्तुरै गावातून मुरुगुपिळ्ळै नवरत्नसामी पाण्यात उतरले आणि एका दिवसाहून अधिक वेळ पोहत भारताच्या बाजूला कोडिक्करैला लागले. पाल्क सामुद्रधुनी पोहून जाणारे ते पहिले. कोडिक्करै आज नागपट्टणम जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा १९९१ मध्ये वेगळा झाला. १९५४ मध्ये ते तंजावर जिल्ह्याचेच टोक होते. म्हणजे ही सामुद्रधुनी पोहून आलेल्या पहिल्या माणसाचे पाय तंजावरच्या वाळूला लागले होते.

त्यानंतर १९६६ च्या एप्रिलमध्ये मिहिर सेन तलैमन्नारहून धनुष्कोडीला पोहत आले. त्यांना २५ तास ३६ मिनिटे लागली. सरळ रेषेत मोजले तर हे अंतर साधारण ३० किलोमीटर आहे. ते ज्या धनुष्कोडीला पोहोचले, ते गाव डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेले होते. सेन हे मुळात पोहणारे नव्हते. ते लंडनला कायद्याच्या शिक्षणासाठी गेले होते. फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन स्त्रीने इंग्लिश खाडी पोहून पार केल्याचे वाचले आणि आपणही हे करावे असे त्यांच्या मनात आले. तेव्हा त्यांना धड पोहताही येत नव्हते. ते शिकले, खाडीत उतरले, आणि पहिले प्रयत्न फसल्यावर अखेर २७ सप्टेंबर १९५८ रोजी ती पार केली. असे करणारे ते पहिले भारतीय.

पाल्कच्या बाबतीत आणखी एक नाव घ्यायलाच हवे, ते म्हणजे श्रीलंकेचे कुमार आनंदन. १९७१ मध्ये ते वल्वेट्टित्तुरैहून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आले आणि तसेच परत पोहत गेले. त्यांच्याविषयी पुढे पुन्हा बोलावे लागेल.

आता अलीकडचे उदाहरण. १९ मार्च २०२१ रोजी हैदराबादच्या गोली श्यामला तलैमन्नारहून निघाल्या आणि १३ तास ४३ मिनिटांनी रामेश्वरम बेटाच्या टोकाला लागल्या. तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ होत्या. व्यवसाय ॲनिमेशनचा. लहानपणापासून तलावात वाढलेली, शाळेत पदके मिळवलेली खेळाडू अशी त्यांची ओळख नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर, आयुष्यातल्या एका खडतर काळात, त्या पोहायला शिकल्या. ज्या वयात पुष्कळ लोक तलावाच्या सदस्यत्वाचे नूतनीकरण थांबवतात, त्या वयात त्यांनी ते पहिल्यांदा घेतले. त्या तिथेच थांबल्याही नाहीत. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्या विशाखापट्टणमहून काकिनाड्याकडे निघाल्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५० किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने पोहून पोहोचल्या.

शरीराचा घसारा

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी घसारा शिकवतात. यंत्र विकत घेतले की दर वर्षी त्याची किंमत ठरावीक हिशेबाने कमी लिहायची. यंत्र चालवा की बंद ठेवा, वर्ष संपले की घसारा लिहावाच लागतो. वय वाढल्यावर आपण आपल्या शरीराकडे असेच पाहतो. साठी आली, इतकी टक्केवारी वजा. सत्तरी आली, आणखी वजा. कोणी काही करायला निघाले की घरातला कोणीतरी हा हिशेब मांडून दाखवतोच.

हिशेब अगदी खोटा नाही. साधारण तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता हळूहळू घटते, स्नायू कमी होतात, दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात. पोहणाऱ्याचा खांदा तर विशेष नाजूक. तासाला हजारो वेळा एकच हालचाल करणाऱ्या सांध्याला विसाव्या वर्षी जे चालते ते साठाव्या वर्षी चालत नाही. फरक एवढाच, की यंत्राचा घसारा वापराने वाढतो, आणि शरीराचा मात्र बेताने आणि नियमित वापरले तर मंदावतो. जे लोक सराव सुरू ठेवतात त्यांच्यात ही घट बसून राहणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी असते. हिशेबाच्या वहीत असे यंत्र कुठे सापडणार नाही.

लांब अंतराच्या पोहण्यात वयाला झुकते माप देणाऱ्या काही गोष्टीही आहेत. शरीराचे बरेचसे वजन पाणी पेलते, त्यामुळे गुडघे आणि कंबर यांच्यावर धावण्यासारखा मारा होत नाही. थंड समुद्रात अंगावरची थोडी चरबी उपयोगी पडते. आणि मुख्य म्हणजे इथे वेगापेक्षा एकसारखी लय जास्त कामी येते. पहिला तास जोरात पोहून पुढचे दहा तास भरून काढता येत नाहीत. तरुण पोहणाऱ्याला हे प्रशिक्षकाकडून पुन्हा पुन्हा ऐकावे लागते. साठ वर्षे संसार केलेल्या माणसाला ते वेगळे सांगावे लागत नाही.

इंग्लिश खाडीतली काही वये पाहा. अमेरिकेचे निवृत्त वैमानिक जॉर्ज ब्रन्स्टॅड यांनी २००४ मध्ये सत्तराव्या वर्षी खाडी पार केली. २०११ मध्ये गर्न्सी बेटावरचे शल्यचिकित्सक रॉजर ऑलसॉप यांनी तीच गोष्ट सत्तरी ओलांडून काही महिने झाल्यावर केली. २०१४ मध्ये केप टाउनचे हृदयशल्यचिकित्सक ऑटो थानिंग वयाच्या ७३ व्या वर्षी १२ तास ५२ मिनिटांत पलीकडे पोहोचले. थानिंग यांनी हीच खाडी १९९४ मध्येही पार केली होती. दोन्हींच्या मध्ये वीस वर्षे. त्या वीस वर्षांची बातमी कुठे छापून आली नाही, पण ७३ व्या वर्षीचे पोहणे त्याच वर्षांत तयार झाले असले पाहिजे.

पॅट गॅलंट-शारेट यांची गोष्ट मला या सर्वांत जवळची वाटते. त्या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या परिचारिका. त्यांचा धाकटा भाऊ हृदयविकाराने अकाली गेला. त्याच्या आठवणीसाठी एका स्थानिक सागरी स्पर्धेत उतरायचे, एवढाच त्यांचा सुरुवातीचा हेतू होता. चाळिशीच्या उत्तरार्धात सुरू झालेले ते पोहणे पुढे वाढत गेले. इंग्लिश खाडीने त्यांना आधी परत पाठवले. २०१७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्या पलीकडे पोहोचल्या.

या सगळ्यांत शरीराने असामान्य अशी माणसे नसतील असे नाही. काहींना ती देणगी असेलच. पण चाळिशीत पोहायला शिकलेली स्त्री पाल्क पार करते, तेव्हा सगळे श्रेय देणगीला देऊन आपल्याला सुटका करून घेता येत नाही.

थांबण्याचे काम

पाल्क पोहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे माहीत असेल तर पुढचा मुद्दा नीट समजेल.

पहिली गोष्ट म्हणजे ते मनात आले की करता येत नाही. दोन देशांच्या मध्ये सागरी सीमा आहे, १९७४ च्या करारात आखलेली. त्यामुळे दोन्ही सरकारांच्या परवानग्या लागतात. अर्ज, वैद्यकीय दाखले, मग वाट पाहणे. दुसरे म्हणजे ऋतू. ईशान्य मोसमी वारे सरलेले आणि नैऋत्येचे वारे अजून सुरू न झालेले, असा थोडासाच काळ वर्षात मिळतो. सेन एप्रिलमध्ये उतरले, श्यामला मार्चमध्ये, हा काही योगायोग नाही. तो काळ हुकला की वर्षभर थांबायचे. परवानगी हातात आली तरी त्या दिवशीचे वारे आणि प्रवाह पाहूनच निघायचे. साधारणपणे रामेश्वरमहून होडीने तलैमन्नारच्या बाजूला जायचे आणि अंधार असतानाच पाण्यात उतरायचे.

पाण्यात उतरल्यावर नियम कडक आहेत. सोबतच्या होडीला हात लावायचा नाही. कोणा माणसाचा आधार घ्यायचा नाही. तहानभूक लागली की होडीतले लोक दोरीला बांधलेली बाटली टाकतात. ती पाण्यातच तरंगत प्यायची आणि पुढे निघायचे. बहुतेक जण दर अर्ध्या तासाला असे थांबतात. काखेत, मानेवर, जिथे कातडी घासते तिथे आधीच ग्रीस किंवा व्हॅसलिन फासलेले असते, कारण मिठाच्या पाण्यात ती जागा तासाभरात सोलून निघते. इंग्लिश खाडीत शत्रू थंडी आहे. इथे उलट, पाणी कोमट आणि वर ऊन. अंग तापते, घाम पाण्यात दिसत नाही, आणि शरीरातले पाणी कमी होत जाते. त्यात जेलीफिशचे डंख. आणि प्रवाह असा, की समोर दिसणारा किनारा तासभर हात मारूनही तितकाच दूर.

या यादीत हात मारण्याइतकेच महत्त्व थांबण्याला आहे. परवानगीसाठी थांबणे, ऋतूसाठी थांबणे, वाऱ्यासाठी थांबणे, पाण्यात असतानाही बाटलीसाठी थांबणे. तहान लागलेली नसताना केवळ वेळ झाली म्हणून पिणे. वय वाढलेल्या माणसाचे नुकसान वेगात होते, पण इथे त्याच्याकडे जमेला काही असते. मुलीच्या लग्नासाठी, घराच्या कर्जासाठी, आजारी माणसाच्या उशाशी थांबून त्याला हे काम येत असते.

आणि सोबतची होडी. बातमीत एकाचेच नाव येते, म्हणून हा एकट्याचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात होडीवर नावाडी, डॉक्टर, वेळ लिहिणारा, दर अर्ध्या तासाला बाटली टाकणारा आणि पोहणाऱ्याचा चेहरा सतत पाहणारा असा कोणीतरी असतो. या शेवटच्या माणसाचे काम सर्वांत अवघड. पोहणारा ‘मी ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा तो खरेच ठीक आहे का, हे त्याला ठरवायचे असते.

हट्ट कुठे सुरू होतो

कुमार आनंदन यांचा उल्लेख वर अर्धवट राहिला. पाल्क जाऊन-येऊन पोहणारा हा माणूस दमदारपणात कोणापेक्षा कमी नव्हता. अनेक विक्रम त्यांच्या नावावर होते. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लिश खाडी पोहायला उतरले आणि त्या प्रयत्नातच त्यांचा मृत्यू झाला. वयाची चाळिशी त्यांनी नुकतीच ओलांडली होती. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकत नाही आणि त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. पण चिकाटीवर लिहिताना त्यांना वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. यशाच्या गोष्टी एकापुढे एक मांडल्या, की वाटते न थांबणे म्हणजेच चिकाटी. समुद्राला हे मान्य नाही.

याउलट, सतत परत फिरलेली माणसे पाहा. आरती साहा ऑगस्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडीत उतरल्या आणि पलीकडचा किनारा काही मैलांवर राहिला असताना त्यांना थांबावे लागले. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि पार झाल्या. हे अर्थात एकोणिसाव्या वर्षीचे. अमेरिकेच्या डायना नायड यांच्यात आणि त्यांच्या ध्येयात महिन्याचे नव्हे, पस्तीस वर्षांचे अंतर पडले. क्यूबाहून फ्लोरिडाला पोहण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी १९७८ मध्ये केला. ४२ तासांनंतर, वारा आणि प्रवाह त्यांना भलतीकडेच नेत असल्यामुळे, त्यांना बाहेर काढले गेले. तिशीत त्यांनी अशा मोहिमा सोडून दिल्या आणि पुढची तीस वर्षे हे वेड बाजूला ठेवले. साठी आल्यावर त्या पुन्हा सरावाला लागल्या. २०११ मध्ये दोन प्रयत्न केले. एकदा दम्याने आणि खांद्याने दगा दिला, दुसऱ्यांदा जेलीफिशच्या डंखांनी. २०१२ मध्ये पुन्हा डंख आणि वादळ. चारही वेळा त्या पाण्याबाहेर आल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात, सुमारे ५३ तासांनंतर त्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चालत आल्या.

दर वेळी बाहेर आल्यावर त्यांनी काय केले, ते महत्त्वाचे आहे. पुढच्या खेपेला तीच गोष्ट जास्त जोर लावून केली नाही. जेलीफिशचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञांना सोबत घेतले. अंगभर कपडा आणि चेहऱ्यासाठी खास मुखवटा तयार करून घेतला. म्हणजे त्यांनी ध्येय धरून ठेवले आणि पद्धत सोडली. वर विडामुयर्चीबद्दल जे म्हटले ते हेच. काय सोडायचे नाही आणि काय खुशाल सोडून द्यायचे, हे ज्याला वेगळे करता येत नाही त्याची चिकाटी हळूहळू हट्टात मुरत जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच होडीवरच्या माणसाची गरज असते. वय वाढल्यावर ती जास्त असते, कारण तरुण शरीर चूक सोसून घेते आणि म्हातारे शरीर तितके सोसत नाही.

नायड यांच्या पोहण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्यावरच्या भाषणांत आणि लेखांत ती बहुधा गाळली जाते. लांब पोहणाऱ्यांच्या वर्तुळातून त्या मोहिमेच्या नोंदींवर आक्षेप घेतले गेले आणि तिला रीतसर मान्यता मिळालेली नाही. त्या पोहल्याच नाहीत असे याचा अर्थ नव्हे. हिशेब शिकणाऱ्याला हे पटकन कळते. व्यवहार खरा असला तरी पावती नसेल तर लेखापरीक्षक तो मान्य करत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. किती वाजता काय प्याले, तासाला किती हात मारले, कोण कधी जवळ आले, हे त्या त्या वेळी लिहून ठेवणे कंटाळवाणे काम आहे. पण पोहणाऱ्याची स्वतःची फसवणूकही त्याच वहीमुळे टळते. आठव्या तासाला आपण किती मंदावलो, हे आठवणीला खोटे सांगता येते, वहीला येत नाही.

आपल्यापुरते

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण पाल्क पोहायला जाणार नाहीत. जायलाही नको. पण पन्नाशी-साठीत पोहायला शिकावे किंवा सुटलेले पोहणे पुन्हा धरावे, असे काहींच्या मनात असेल. त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

आधी डॉक्टर. हृदय, रक्तदाब, साखर आणि खांदे. इंग्लिश खाडीत उतरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो विशीतला असला तरी, वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. शिवाय थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावे लागते. तिथे असा दाखला मागणे अपमान मानला जात नाही, मग आपल्या घरात का मानावा?

मग तलाव आणि शिकवणारा. नदी, कालवा, समुद्र नंतर. तंजावरमधून वाहणाऱ्या कल्लणै कालव्याला लोक अजून नवी नदी म्हणतात. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याची जुनी प्रथा आहे, आणि ते इथे पोहोचले की लहानथोर सगळे पाण्यात उतरतात. दृश्य सुंदर असते. पण वाहते पाणी शिकण्याची जागा नव्हे, आणि एकट्याने तर कधीच उतरू नये. काठावर आपल्याकडे लक्ष ठेवून असलेला एक माणूस हवाच. तोच आपली होडी.

सुरुवातीला अंतर मोजू नका, दिवस मोजा. आठवड्यातून तीन दिवस ठरवले असतील तर तीन दिवस. त्या दिवशी दहाच मिनिटे पोहणे झाले तरी वहीत लिहा. खांदा दुखला तर तेही लिहा आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात न उतरता तलावापर्यंत चालत जा. दुखत्या खांद्याने रेटून पोहणारे तीन महिन्यांत घरी बसतात. परत फिरणारे पुढच्या वर्षीही तलावावर दिसतात.

घरच्यांशी भांडू नका. त्यांची भीती निराधार नसते. त्यांना तलावावर घेऊन जा आणि काठावर बसवा. वेळ लिहायचे काम द्या. पुष्कळ घरांत विरोध तिथेच मावळतो, कारण वही हातात आली की माणूस मोहिमेचा भाग होतो.

तलावात सलग अर्धा तास आरामात पोहता येऊ लागले, की मगच खुल्या पाण्याचा विचार करा, तोही बंदोबस्त असलेल्या ठिकाणी. महाराष्ट्रात त्यासाठी चांगली जागा म्हणजे मालवण. तिथल्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. शाळकरी मुलांपासून केस पूर्ण पिकलेल्यांपर्यंत सगळे त्यात उतरतात, अंतरे लहान-मोठी असतात आणि पाण्यात मदतीच्या होड्या असतात. तलावावर नाव घालायला जूनचा महिना बरा. शाळांच्या सुट्ट्या संपलेल्या असतात, सकाळची गर्दी ओसरलेली असते आणि डिसेंबरपर्यंत सहा महिने हाताशी राहतात.